न भरणारी जखम आणि अंगातले वेसकर



आपल्या घरातल्या लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्या बाईची कमर कधी पाहिली आहे का? जिथे लुगड्याची गाठ बसते तिथे कातडीवर एक काळसर पट्टा उमटलेला असतो. कुठे तो पांढरट पडलेला, कुठे खरबरीत झालेला. चाळीस-चाळीस वर्षे त्याच जागी गाठ आवळायची, तीच कमर वाकवून खुरपायचे, वेचायचे, मोळी उचलायची, आणि घाम त्याच पट्ट्यात मुरायचा. परकर नेसणाऱ्या बाईला नाडीचा करकोचा असतो. तिथे खाज सुटते, आग होते, कधी चिरते, पुन्हा बरे होते. घरात कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असते : "ते असायचंच."

या आठवड्यात आम्ही त्या करकोच्याविषयी लिहिणार आहोत. कारण बहुतेकींच्या बाबतीत ते खरोखरच नुसते असायचे असते, पण एखादीच्या बाबतीत नसते.

वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधील मधुबनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीगत छापली. एक सत्तर वर्षांची. कमरेच्या उजव्या बाजूला जखम, दीड वर्ष झाले तरी भरेना. दुसरी साठी ओलांडलेली. तिने चाळीस वर्षे लुगडे नेसलेले, आत परकर नाही, गाठ थेट कातडीवर आवळलेली. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला तेव्हा तो कातडीचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या बाईचा तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. त्याला 'पेटीकोट कॅन्सर' असे नाव पडले. पण त्यात कापडाचा दोष नाही. दोष एकाच जागी वर्षानुवर्षे बसणाऱ्या आवळणीचा आणि घासण्याचा आहे.

ही गोष्ट नवीन नाही. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात धोतराच्या कॅन्सरची नोंद केली. धोतर जिथे कमरेला आवळते तिथल्या कातडीचा कॅन्सर. काश्मिरात लोक थंडीत पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरतात, तिथेही पोटाच्या आणि मांडीच्या भाजलेल्या कातडीवर असाच कॅन्सर होतो, हे तर त्याही आधीपासून ठाऊक होते. साडीच्या कॅन्सरला नाव मिळाले ते नंतर. धोतर आधी आणि लुगडे मागून, याचे आम्हाला फारसे नवल वाटले नाही.

आता घाबरू नका. आपल्या देशात कातडीचा कॅन्सर कमीच आढळतो. लाखो बायका लुगडी नेसत आल्या, त्यांतल्या अगदी थोड्यांना हा आजार झाला. मग बाकीच्यांना का झाला नाही? घासणे तेच, घाम तोच, ऊन तेच. याचे उत्तर मोठे मनोवेधक आहे, आणि ते शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींनीही वाचावे असे आम्हाला वाटते.

आपले अंग कोट्यवधी पेशींचे बनले आहे. कातडीच्या पेशी सारख्या झिजतात आणि खालून नव्या येतात. नवी पेशी तयार होताना जुनीतल्या मजकुराची नक्कल होते. हा मजकूर म्हणजे डीएनए. नक्कल करताना चुका होतात. उन्हाने, भाजण्याने, सततच्या दाहाने त्या वाढतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्त होण्यापलीकडची असेल तर पेशी स्वतःच मरून जाते, तशी सोय तिच्यात आहे. तरीही एखादी बिघडलेली पेशी उरते आणि थांबायचे सोडून वाढत सुटते. इथे अंगातल्या पहारेकऱ्यांचे काम सुरू होते.

पहारेकरी म्हटले की आम्हाला गावाच्या वेशीवरचा वेसकर आठवतो. आपल्या आज्या-पणज्यांनी शिळ्या भाकरीवर ती राखण केली. गावात कोण आले, कोण गेले, पावलाच्या आवाजावरून ओळखले. वेसकरीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते, हे आपण विसरलेलो नाही. पण माणूस ओळखण्याची जी जाण त्या राखणदारांत होती, तशीच जाण या पेशींमध्ये असते, म्हणून दाखला दिला. फरक एवढाच की अंगातला वेसकर कुणाचा गुलाम नाही.

कातडीच्या वरच्या थरात हातपाय पसरलेल्या चांदणीसारख्या पेशी असतात. पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन तरुणाने त्या १८६८ साली पाहिल्या. तो तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता, वय अवघे वीस-एकवीस. त्याला वाटले या मज्जातंतूच्या पेशी आहेत. त्या पहारेकरी आहेत हे कळायला पुढे शंभर वर्षे लागली. या लँगरहान्स पेशी आजूबाजूला चाचपत असतात. आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चालले आहे त्याचे छोटे छोटे नमुने बाहेरच्या बाजूला मांडून ठेवते, जसे ओळखपत्र छातीवर लावावे तसे. बिघडलेल्या पेशीच्या ओळखपत्रावर काहीतरी वेगळे दिसते. लँगरहान्स पेशी मेलेल्या, फुटलेल्या पेशीचे तुकडे उचलते आणि जागा सोडून निघते. कुठे? जवळच्या लसिका गाठीकडे. पायाला काटा मोडून पिकला की जांघेत अवधान येते ना, तीच ती गाठ. काखेत, मानेत, जांघेत अशा गाठी असतात. ती पहारेकऱ्यांची चावडी आहे असे समजा.

चावडीत लाखो प्रकारच्या टी-पेशी बसलेल्या असतात. प्रत्येकीला एकच खूण ओळखता येते. आलेला नमुना एकेकीला दाखवला जातो. जिची खूण जुळते ती जागी होते. मग तिच्या एकीच्या हजारो होतात, आणि ती सेना रक्तातून कातडीच्या त्या जागी परत येते. बिघडलेल्या पेशीला गाठून तिच्या आवरणाला भोक पाडते, आत मारक द्रव्य सोडते, आणि पेशी आतून मोडते. एखादी बिघडलेली पेशी हुशारी करून ओळखपत्रच लपवते. तिच्यासाठी दुसरे शिपाई असतात. त्यांना 'नैसर्गिक मारक पेशी' म्हणतात. ज्याच्याजवळ ओळखपत्रच नाही त्याला ते धरतात.

हे सगळे आपल्याला न कळता चाललेले असते. उन्हाने कातडीवर उठलेले काही खरखरीत चट्टे आपोआप नाहीसे होतात, त्यात या पहाऱ्याचा वाटा आहे, असे तज्ज्ञ मानतात.

याला पुरावा काय, असे आमचे चिकित्सक वाचक विचारतील, आणि विचारलेच पाहिजे. कुणी सांगितले म्हणून मानू नये ही तर आपली धम्माची शिकवण. पुरावा असा : किडनी बदललेल्या माणसाला दुसऱ्याची किडनी अंगाने टाकून देऊ नये म्हणून पहारा मंदावणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. नॉर्वेतल्या अशा रुग्णांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. इतर लोकांच्या मानाने त्यांच्यात कातडीच्या स्क्वेमस प्रकारच्या कॅन्सरचे प्रमाण ६५ पट निघाले. पहारा सैल केला की चोर वाढतात, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

दुसरी हकीगत तर अंगावर काटा आणणारी आहे. स्कॉटलंडमध्ये एका मृत व्यक्तीच्या दोन किडन्या दोघांना बसवल्या. त्या दात्याचा कातडीचा काळा कॅन्सर, म्हणजे मेलानोमा, सोळा वर्षांपूर्वी काढलेला होता आणि तो बरा झाला असे धरले होते. किडनी घेतलेल्या दोघांनाही पुढे मेलानोमा झाला. डॉक्टरांनी २००३ साली ही हकीगत छापली. म्हणजे सोळा वर्षे त्या दात्याच्या अंगात काही बिघडलेल्या पेशी जिवंत होत्या. पहारेकऱ्यांनी त्यांना मारले नव्हते, पण डोकेही वर काढू दिले नव्हते. नव्या अंगात पहारा औषधाने झोपवलेला, तिथे त्यांनी डोके वर काढले.

यावरून शास्त्रज्ञ तीन अवस्था सांगतात. पहिलीत पहारेकरी जिंकतात. दुसरीत बरोबरी राहते, तीही वर्षानुवर्षे. तिसरीत कॅन्सर निसटतो. निसटण्याच्या त्याच्या युक्त्या आहेत. टी-पेशी माघारी फिरावी म्हणून तिच्या अंगावर एक ब्रेक असतो. घरच्याच पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने तो ठेवला आहे. कॅन्सरची पेशी नेमका तो ब्रेक दाबते. हे ब्रेक कसे सोडवायचे, हे शोधणाऱ्या अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन आणि जपानच्या तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधावरची इंजेक्शने आज कातडीच्या पसरलेल्या कॅन्सरवर वापरतात. ती फार महाग आहेत, आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाहीत. म्हणून तर रोग पहिल्या टप्प्यात धरणे श्रीमंतापेक्षा गरिबाच्या जास्त गरजेचे आहे.

पहिला टप्पा म्हणजे काय, तेही सांगतो. कातडीच्या वरच्या थराखाली एक पातळ पडदा असतो, गावकुसासारखा. रक्ताच्या आणि लसिकेच्या वाहिन्या त्या पडद्याच्या खाली असतात. बिघडलेल्या पेशी कुसाच्या वरच आहेत तोवर त्यांना दूर जायला रस्ताच नाही. कुसाला भोक पडून त्या खाली उतरल्या की वाहिन्यांतून गाठीकडे जाऊ शकतात. ज्या चावडीत त्यांच्याविरुद्ध फौज उभी राहते, त्याच चावडीत त्या ठाण मांडतात. कुसाच्या वर असताना, किंवा थोड्याच खाली उतरल्या असताना, डॉक्टर ती जागा बधिर करून आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापून काढतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

आता पुन्हा कमरेच्या करकोच्याकडे येऊ. जुन्या वणावर, भाजल्याच्या डागावर, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर होणाऱ्या कॅन्सरला 'मार्जोलिनचा व्रण' म्हणतात. जाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच डॉक्टरने १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन केले होते. तो वणातच का होतो? एक कारण सततचा दाह. जखम भरते, फुटते, पुन्हा भरते, आणि दर वेळी नव्या पेशी घाईने तयार होतात. घाईत चुका जास्त. दुसरे कारण पहाऱ्याशी संबंधित आहे. वणाची कातडी म्हणजे खरी कातडी नव्हे, ती ठिगळ आहे. तिच्यात लसिकेच्या वाहिन्या मोडलेल्या असतात, रक्तही कमी पोचते. पहारेकरी तिथे नीट जात नाहीत, आणि चावडीपर्यंत खबरही पोचत नाही. म्हणून आतल्या आत बिघडलेल्या पेशी पुष्कळ काळ बिनबोभाट राहतात, असे डॉक्टरांना वाटते. वणाची हद्द ओलांडून चांगल्या कातडीत आल्या की मात्र झपाट्याने पसरू शकतात. वर्ध्याच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या दोघीजणींचा आजार याच जातीचा.

आमच्या बीड जिल्ह्यात असे वण शोधायला जावे लागत नाही. उसाच्या फडावर पाचटाने कापलेले, कोयत्याने लागलेले पाय. खोपीतल्या चुलीवर भाजलेली लेकरे. लहानपणी पोटदुखीसाठी डागलेली पोटे. बिब्बा घालून उतवलेली कातडी. भोंदू बाबाने दिलेल्या चटक्याचे डाग. हे वण पन्नाशी-साठीला पुन्हा फुटले तर 'जुनीच जखम आहे' म्हणून कुणी बघत नाही. कुष्ठरोग बरा झालेल्यांच्या तळपायाच्या जुन्या जखमांचेही तेच. मार्जोलिनचा व्रण साधारणपणे दुखापतीनंतर कित्येक वर्षांनी, अनेकदा तीस-तीस वर्षांनी होतो. म्हणून जुने आहे हे निर्धास्त होण्याचे कारण नाही.

आपली कातडी सावळी आहे, काळी आहे. तिच्यातला रंग उन्हापासून राखण करतो. गोऱ्या लोकांना जसा उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो तसा तो आपल्याला फार कमी होतो. रंगावरून आपल्याला हिणवणाऱ्यांनी हे वाचावे. पण या राखणीला एक फट आहे. काळ्या माणसाला काळा कॅन्सर होतो तो अनेकदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली, ज्याची गाणी आज आपली मुलेही ऐकतात, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा झाला होता. १९८१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. तेव्हा अनवाणी चालणाऱ्याने पायाचा तळवा महिन्यातून एकदा उजेडात बघावा. नवा काळा डाग वाढतो आहे, नखात काळी रेघ रुंदावते आहे, तर दाखवावा.

आता एक अवघड गोष्ट. बीड जिल्ह्यात 'कॅन्सर' हा शब्द बायकांना लुबाडण्यासाठी वापरला गेला आहे. पोटात दुखते म्हणून गेलेल्या ऊसतोड बायकांना 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असे भिववले गेल्याचे त्यांनीच सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ साली जी आकडेवारी आली ती अशी : ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यामुळे आम्ही इथे कॅन्सर हा शब्द लिहिला की आमच्या भगिनींच्या मनात शंका येणार, आणि ती आलीच पाहिजे. खऱ्या-खोट्याचा निवाडा एका तपासणीने होतो, तिला बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून दाण्याएवढा तुकडा काढतात आणि दुर्बिणीखाली बघतात. 'लोखंड लागले की कॅन्सर पसरतो' ही समजूत खोटी आहे. कातडीच्या जखमेला नुसते बघून कुणी मोठे ऑपरेशन सांगितले, तर तुकड्याचा कागदी रिपोर्ट मागा. आणि तुकडा काढू म्हटले तर पळून येऊ नका.

दाखवायची जखम कोणती? महिना-दीड महिना झाला, मलमपट्टी केली, तरी जी भरत नाही ती. कडा उचललेल्या आणि टणक, मध्ये फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस, हात लागला की रक्त, वास येतो, किंवा जुन्या वणात नवी गाठ. दुखत नाही म्हणून सोडू नका. पहिल्या टप्प्यात पुष्कळदा दुखतच नाही. जांघेत किंवा काखेत गाठ आली असेल तर ती पहारेकऱ्यांची धावपळही असू शकते आणि रोगही असू शकतो. ते आपण घरी ठरवायचे नाही, सुई घालून तपासतात.

आणि चुना, राख, तंबाखू, गाडीचे ग्रीस लावू नका. करोनाच्या काळापासून 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पुड्यांचा बाजार गावोगाव भरला आहे. पहारा कसा जागतो ते वर सांगितले. पुडी खाऊन कॅन्सरची पेशी ओळखायला टी-पेशी शिकत नाही. पोटभर जेवण, झोप, तंबाखू-मिश्री सोडणे, शुगर असेल तर तिची गोळी, यांचा उपयोग आहे, पण न भरणाऱ्या जखमेवर हाही इलाज नव्हे.

म्हाताऱ्या आईला 'लुगडे सोड, गाऊन घाल' म्हणू नका. तिने ते सोडू नये, तिचा तो मान आहे. गाठ रोज थोडी वर-खाली बसवावी, परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी शिवून घ्यावी, घरी आल्यावर आणि रात्री कमर मोकळी करावी, घामाची जागा धुऊन कोरडी करावी. लाजेचा प्रश्न आहे, तो आम्ही जाणतो. कमर पुरुष डॉक्टरला कशी दाखवायची म्हणून वर्ष जाते. सुनेने, लेकीने अंघोळीच्या वेळी पाठ चोळता चोळता बघावे. लेकानेही बघायला हरकत नाही.

तथागतांच्या काळची तिस्स थेरांची कथा आपण विहारात ऐकलेली आहे. त्यांच्या सर्वांगाला फोड येऊन फुटले, चीवर पू-रक्ताने अंगाला चिकटले, सोबतचे भिक्खू घाणीने दूर झाले. बुद्धांनी स्वतः पाणी तापवले, स्वतः त्यांचे अंग धुतले. जखमेकडे बघायला ज्याला किळस येते त्याने ही कथा एकदा घरात पुन्हा सांगावी.

जायचे कुठे? आधी जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. मग बीडचे जिल्हा रुग्णालय, किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. कॅन्सर ठरलाच तर औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. आष्टी-पाटोदा, केज, धारूरकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलही आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड न्या आणि खिडकीपाशी आरोग्यमित्र कोण ते विचारा.

तोडीला निघायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, घरातल्या मोठ्यांची कमर, तळपाय आणि जुने वण एकदा बघून घ्या. उचल घेतल्यावर, कारखान्यावर गेल्यावर एक दिवस दवाखान्यात गेला तरी मुकादम खाडा लावतो, आणि मग जखम चैत्रापर्यंत लांबते. तुकडा तपासलेला असेल तर रिपोर्ट घरी पेटीत ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत फडावर न्या, आणि त्याचा एक फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या डॉक्टरलाही तोच कागद दाखवायचा आहे.